बोकडाची तब्येत

मल्हारीच्या गोळ्या बोकड खातो, हे शेवटी उघडकीला आलं. पण तूर्त ते घडलंच नाही असं धरू. कारण सकाळी चंद्रभागाबाई चूल पेटवत होती, तोवर तिच्या लेखी नवरा वेळच्या वेळी औषध घेत होता आणि बोकड कडबा.

महिन्याभरापूर्वी नांदेडला मल्हारीच्या हृदयात जाळी बसवली. रक्त पातळ ठेवायची गोळी चुकवली तर जाळीत रक्त गोठेल, माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरनं तिला बजावलं होतं. थोडं चालणं चांगलं, असंही तो म्हणाला होता. ते तिनं ऐकलं नव्हतं. गोळ्या चालू हायत तोवर मेंढरांमागं जायचं न्हाई, हा कायदा तिचा. लेक शिवहार मेंढरं घेऊन कळमनुरीकडं गेला. घरी तिच्याजवळ राहिले दोघं : अंगणात बाजेवर मल्हारी, आणि लंगडतो म्हणून बाजेला बांधलेला बोकड.

मल्हारी एकेकाळी ग्रामपंचायतीचा सदस्य होता. तेव्हापासून अडचणीत सापडला की तो अर्जाच्या भाषेत बोलायचा.

त्या सकाळी दाढी करताना त्याचा गाल कापला. चंद्रभागाबाई हळद घेऊन धावली, तर रक्त कधीच थांबलेलं. या गोळीवर रक्त लवकर थांबत नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. आमच्या मालकाचं रक्तच खानदानी, असं तिनं शेजारच्या आशाबाईला कुंपणावरून ऐकवलं. तेवढ्यात त्याच कुंपणाच्या तारेनं बोकडाचा कान ओरबाडला. भाकरी होऊन गार झाल्या तरी त्याचं रक्त थांबेना. घरातली हळद त्याच्या कानातच संपली.

मग तिनं मल्हारीसाठी गोळ्यांचं पाकीट काढलं. पाकिटाची चांदी चुरचुरली. बोकडानं दाव्याला हिसका दिला, लंगडत आला आणि तिच्यापुढं तोंड उघडून उभा राहिला.

चंद्रभागाबाईनं बोकडाकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं.

"गुळात देत होतो," मल्हारी म्हणाला. "लंगडून राहिलं बिचारं."

"आन् तुमी?"

"गोळी चालू असली की तू उठू देत न्हाईस. म्हणून म्या बंद केली."

ती बाजेवर टेकली. तिचा तळहात त्याच्या छातीवर गेला आणि बराच वेळ तिथंच राहिला. आत चालू होतं.

मग तिनं गोळी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं गिळली, जीभ वर करून दाखवली. बोकड बघत होता.

मल्हारीनं हात जोडले.

"सदर बोकड गोळ्या नियमित घेत आलेला असल्यामुळे त्यास बाजेवर ठेवण्यात यावे," तो म्हणाला, "आणि माझी रवानगी मेंढरांमागे करण्यात यावी, ही नम्र विनंती."