कणकेची गोळी

मथुराबाईंनी टाकलेली कणकेची गोळी विरघळत खाली गेली आणि पाणी पुन्हा तसंच झालं. एकही मासा वर आला नाही.

डब्यात आता मूठभर गोळ्या उरल्या होत्या. पहाटे आंघोळ करून, एकेका गोळीला पुरुषोत्तमाचं नाव घेत त्यांनी त्या वळल्या होत्या. अधिक महिना लागल्यापासून त्या रोज वाघोलीहून रिक्षा करून भीमेच्या या डोहावर येत. माशांनी गोळी घेतली की हात जोडायचे आणि मगच पाण्याचा पहिला घोट घ्यायचा, असा नेम होता. रोज पहिल्याच मुठीला इथे नुसती झुंबड उडायची. नेमकं आजच काय झालं होतं?

त्यांनी पिशवीतून फोन काढला, पाहिला, परत ठेवला. लगेच पुन्हा काढला.

“न्हाईत मासं तिथं, मावशी,” पलीकडच्या खडकावरून सोनबा म्हणाला. रोजचाच तो. बांबूची काठी, दोरीला मोरपिसाच्या देठाचा तरंगा. तरंगाही सकाळपासून जागचा हलला नव्हता. “महिनाभर तुमचं फुकटचं जेवून माजल्यात. माझ्या गांडुळाला कोन विचारतंय?”

“आज लवकर आलात का?” मथुराबाई काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या.

“आलो की. उजाडल्यापासनं बसलोय. जावई आलाय धोंड्याला. अनारसं नको म्हन्तो, पुरनाचं धोंडं नको म्हन्तो. नदीचा ताजा मासाच पायजे. या महिन्यात जावई म्हंजी नारायन म्हन्त्यात ना? आमच्या नारायनाला असला निवद लागतो.”

एरवी त्यांना हसू आलं असतं. त्यांनी आणखी एक गोळी टाकली. तीही बुडाली.

“सुनेला सकाळी दवाखान्यात नेलंय,” त्या पाण्याकडे बघतच म्हणाल्या. “सातवा महिना आहे. रात्रीपासून बाळ हललंच नाही म्हणत होती.”

सोनबानं काठी जरा खाली घेतली. “मग तुम्ही हितं कशा?”

“आत एकालाच सोडतात. रणजित गेलाय. कळवतो म्हणाला.” त्यांनी डब्याचं झाकण उगाचच लावलं, परत उघडलं. “आणि आजच नेम मोडला तर?”

ऊन डोक्यावर आलं होतं. खडक तापले होते. त्यांच्या ओठांना कोरड पडली होती. बाटली भरलेली शेजारीच होती, तिच्याकडे त्या बघत नव्हत्या.

“पानी तापलंय वरचं,” सोनबा म्हणाला. “समदी मधल्या खोलात जाऊन बसल्यात. तुमचा हात पोचायचा न्हाई तिथवर.”

“मग काय करू?”

“माझा गळ पोचतो.”

मथुराबाईंनी गळाच्या काट्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “नुसती दोरीला नाही का बांधता येणार?”

“कनीक ती. दोरीला ऱ्हाईल का? काट्यालाच धरती.”

त्यांनी पुन्हा फोन पाहिला. काही नव्हतं. डब्यातली एक गोळी त्यांनी उचलली, डोळे मिटून नाव घेतलं, आणि ती सोनबाच्या तळहातावर ठेवली. तो काट्याला लावत असताना त्या दुसरीकडे बघत राहिल्या.

गळ लांब जाऊन पडला. तरंगा उभा राहिला. हलला. मग एकदम खाली गेला.

“घेतली!” मथुराबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

सोनबा काठी आवरत उठला. दोरी ताणली, सैल पडली, पुन्हा ताणली. थोड्या वेळानं एक भलामोठा रोहू खडकावर आपटला आणि तडफडू लागला. त्याच्या ओठाला कणीक अजून चिकटलेली होती.

“झालं तुमचं, मावशी. तुमच्या हातचं खाल्लं त्यानं. आता प्या पानी.” सोनबानं माशाला एका हातानं दाबून धरलं, दुसऱ्यानं पोट चाचपलं आणि हसला. “आयला, अंड्यांनी गच्च भरलाय की! पाऊस लागला का सोडनार हुता. नशीब काढलं जावयानं.”

मथुराबाईंनी बाटली उचलली होती. झाकण काढलं होतं. ती ओठांपर्यंत नेली आणि तिथेच थांबल्या.

मासा आता आपटत नव्हता. नुसतं तोंड उघडत होता, मिटत होता.

त्या खाली वाकल्या. गुडघे दुखत होते, तरी उकिडव्या बसल्या. बाटली तिरकी केली आणि माशाच्या कल्ल्यांवर पाणी ओतू लागल्या.

“अहो, अहो! काय करताय? पिताय ना तुम्ही?”

“तिला आधी,” मथुराबाई म्हणाल्या.

तेवढ्यात पिशवीत फोन वाजू लागला.

त्या वळल्या नाहीत. पाण्याची धार खडकावर इकडेतिकडे जात होती, पण बाटली त्यांनी सरळ केली नाही. फोन वाजून थांबला. परत वाजू लागला.

सोनबानं पिशवीकडे पाहिलं, मग बाटलीकडे. बाटलीत फारसं उरलं नव्हतं. त्यानं ओठातला काटा जपून सोडवला, माशाच्या पोटाखाली दोन्ही तळवे घातले आणि धोतर भिजायची पर्वा न करता पाण्यात उतरला.

“फोन घ्या, मावशी,” तो पाठमोराच म्हणाला. “जावई खाईल धोंडं.”