एका घरात दोन देव्या

शालनबाईच्या अंगात देवी आली, तेव्हा तिची सासू सोजराबाई केस मोकळे सोडून, पाटावर बसून, स्वतःच्या देवीची वाट बघत होती. संबळवाल्यानं अजून संबळाला हातसुद्धा लावला नव्हता.

काळेवाडीत दर मंगळवारी दिवेलागणीला देवी यायची, ती सोजराबाईच्या अंगात. हे तिचा मुलगा भैरू रांगत होता तेव्हापासून चालू होतं. पहिल्या खेपेला घरात फक्त तिचा नवरा आणि सासू होती, आणि देवी काय बोलली ते दोघंही मरताना बरोबर घेऊन गेले. पुढं मात्र सगळं गावासमोर. हरवलेली म्हैस कुठं आहे, बांध कुणी कोरला, सगळं देवी सांगायची. पुण्याच्या कोर्टापेक्षा निकाल लवकर लागायचा आणि वकील लागायचा नाही.

आज मध्येच सून घुमायला लागली. जिचा आवाज लग्नापासून चुलीच्या पलीकडं गेला नव्हता, ती शालन.

"भैऱ्या, उद्या गाडी जुंप," देवी नवऱ्याला म्हणाली. "हिला चिंचवडच्या डाक्टरणीकडं ने. पोटातलं ऱ्हायलं तर हिचं गर्भाशय फाटंल. ही मरंल. तुझी पाच लेकरं मी सांभाळनार न्हाई, आदीच सांगून ठिवते."

गर्भाशय हा शब्द काळेवाडीत त्याआधी कुणी उच्चारला नव्हता. दौलतराव पाटलांनी पागोटं सावरून हात जोडले.

"संस्कृत बोलतीया," ते म्हणाले.

हे संस्कृत कुठून आलं, ते सोजराबाईला ठाऊक होतं. सकाळीच भैरू बायकोला घेऊन चिंचवडला गेला होता. भैरू पिंपरीच्या औषधांच्या नव्या कारखान्यात बाटल्या खोक्यात भरायचा. देशभर औषध पोचवणारा हा माणूस घरात मात्र अंगाऱ्यावर भागवायचा. मागल्या बाळंतपणात शालन जाता जाता राहिली होती, म्हणून एवढा तरी गेला. डॉक्टरीण सुमनताईंनी तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, हे पोट पाडावं लागेल, नाहीतर बाई जाईल. कायद्यानं पोट पाडणं गुन्हा होता. इंग्रज गेले, कायदा ठेवून गेले. पण बाईचा जीव वाचवायचा असेल तर त्यात एक खिडकी होती, आणि सुमनताई त्या खिडकीतून हात घालायला तयार होत्या. फक्त नवऱ्यानं हो म्हणायला हवं होतं. मागाहून त्यानं फौजदाराकडं बोंब मारली, तर तुरुंगात त्याच जाणार होत्या.

"जपानात आणि रशियात आता दारच उघडलंय," सुमनताई म्हणाल्या होत्या. "आपल्याकडं निदान खिडकी तरी आहे."

"जपान काळेवाडीच्या शिवेत येतं का?" भैरूनं विचारलं होतं. "आमच्या घरात देवी सांगंल तसं व्हतं." आणि तो बायकोला घेऊन परत आला होता. जेवताना त्यानं हे आईला मोठ्या अभिमानानं सांगितलं. सोजराबाई पान लावत बसली. शालन भाकरी वाढत होती.

आता सगळं घर सोजराबाईकडं बघत होतं.

"सोजरे," शेजारची गोजाबाई म्हणाली, "तुझी देवी वाट चुकली का गं? का म्हातारपणाला कटाळली?"

"गप ऱ्हा," दौलतराव म्हणाले. "खरी का खोटी, ते सोजराबाईच सांगंल. तिच्याइतकी वळख कुनाला हाय?"

सोजराबाईनं जाणकार नजरेनं सुनेकडं बघितलं. मान फार जोरात फिरत होती, अशानं उद्या दुखणार. हुंकार पोटातून यायला हवा, हिचा घशातून येत होता. डोळे तर किलकिलेच होते. त्या फटीतून ती नवऱ्याचा अंदाज घेत होती, आणि देवी कुणाचा अंदाज घेत नसते. खोटी म्हणावं, तर खोटी ओळखायची विद्या तू कुठं शिकलीस, असं गोजाबाई विचारणारच. खरी म्हणावं, तर पुढच्या मंगळवारी गाव कुणाच्या पाया पडायचं, हा प्रश्न होता. एका म्यानात दोन तलवारी परवडतील, एका घरात दोन देव्या अवघड.

"आई," भैरू म्हणाला, "खोटं हाय न्हवं? सांग की. तू सांगशील ते मला कबूल हाय."

शालनची मान फिरायची थांबली नाही. पण तिचा हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला. त्या हाताला घुमणं जमत नव्हतं.

सोजराबाई पाटावरून उठली. सुनेजवळ गेली. तिचा सुटत आलेला अंबाडा स्वतःच्या हातानं मोकळा केला, केस पाठीवर नीट पसरले आणि कानाशी वाकून हळूच म्हणाली, "डोळं मीट, पोरी." मग करंड्यातलं कुंकू घेऊन कपाळभर मळवट भरला, रिकामा पाट तिच्याकडं सरकवला आणि स्वतः खाली, गावकऱ्यांत जाऊन बसली.

"गाडी जुंप, भैरू," ती म्हणाली. "देवी खरी हाय."

गोजाबाईनं मान वाकडी केली. "कशावरनं गं?"

"तिला मी वळखते," सोजराबाई म्हणाली. "ह्यो भैरू रांगत व्हता, तवा पयल्यांदा माझ्या अंगात आली. तवा बी ह्येच म्हनली व्हती."