पन्नासची लेन्स

“ती लेन्स काढ. एवढ्या जवळून नाक वांग्याएवढं दिसेल. पन्नासची लाव,” आप्पा व्हीलचेअरमधून म्हणाले. कॅमेरा त्यांचाच होता, स्टुडिओ चालवत होते तेव्हाचा.

ऑपरेशनसाठी त्यांना न्यायला वॉर्डबॉय दारात उभा होता. ते परत येतीलच, असे डॉक्टर म्हणाले नव्हते. फोटो कशासाठी हवा, हे मी आप्पांना सांगितले नव्हते. पिशवीतली दुसरी लेन्स मी घाईघाईत बसवली.

कॅमेऱ्याच्या काचेला डोळा लावला. फोकस जुळेपर्यंत तिथे दोन आप्पा होते. एक स्पष्ट, एक पुसट. लेन्सची कडी फिरवत मी पुसट आप्पांना हळूहळू स्पष्ट आप्पांवर आणले. दोघे एक झाले, तेव्हा ते किंचित हसत होते. मी बटण दाबले.

“चला काका,” वॉर्डबॉयने खुर्ची वळवली.

थिएटरच्या दाराशी आप्पांनी हात वर करून त्याला थांबवले. “लेन्सचं झाकण तसंच आहे,” ते मला म्हणाले. “या कॅमेऱ्यात बघायची काच वेगळी, काढणाऱ्याला ते दिसत नाही. समोरच्याला दिसतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“हार घालायचे फोटो उभा जन्म काढलेत मी. त्यासाठी आईबापांना घेऊन येणाऱ्या पोरांचे चेहरे ओळखतो.” त्यांनी मान फिरवली. “आल्यावर काढ. नीट.”

दार मिटले. मी फिल्म पुढे ओढली, झाकण काढले आणि ते मुठीत घट्ट धरून दारासमोर बसलो.