मागची सीट

"उतरा आता. पुढे मी बसणार."

नवऱ्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, तरी हा गडी मोटारसायकलच्या पुढच्या सीटवर ठाण मांडून बसलेला. काल दोघं खडीवरून घसरली होती. तिला साधं खरचटलंही नाही, त्याचं मनगट मात्र मोडलं. या परक्या मुलखातल्या डॉक्टरने बोटांनी, मानेने, डोळे वटारून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती, की गाडी चालवायची नाही.

"त्याची भाषा तुला कळली तरी का?" नवरा म्हणाला.

"जन्मभर नर्स होते मी. मोडलेलं हाड कुठल्याही भाषेत मोडलेलंच असतं. उतरा!"

तो उतरला, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला माणूस. दुसऱ्याच्या मागे किंवा शेजारी बसणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं. मेव्हण्याच्या गाडीत बसला तरी पायाने खोटा ब्रेक दाबत राहायचा. नोकरीत असताना बायकोने लसींची पेटी बांधून मोटारसायकलवर खेडीपाडी पालथी घातली होती, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण दोघं मिळून निघाली, की हँडल त्याचं. त्यात वाद नाही.

हा प्रवास म्हणजे त्याचा ध्यास. निवृत्त झाल्या दिवसापासून घोकत होता, की आपल्या गाडीवर एक अख्खा परदेश ओलांडायचा, पार पलीकडच्या समुद्राला हात लावायचा. मुलांनी वेड्यात काढलं, व्याह्यांनी हात जोडले, तरी दोघं निघाली. अर्धा देश मागे पडला आणि हे असं झालं. "मी नेते तुम्हाला समुद्रापर्यंत," असं ती रात्रीच म्हणाली होती. त्यावर तो उसळला होता, "मागे बसून जायचं, तर पोस्टाने गेलेलं काय वाईट?" शेवटी ठरलं ते असं. हा घाट तिने गाडी चालवत पार करायचा. पलीकडे खाली रेल्वे स्टेशन आहे, तिथे गाडी मालडब्यात चढवायची आणि घर गाठायचं. या वयात पुन्हा येणं होणार नाही, हे दोघांना माहीत होतं.

ती निघाली. मागून आकाशवाणी सुरू झाली.

"गिअर टाक. अगं, हॉर्न! वळणावर हॉर्न दे. इतकी कडेला कशाला?"

"तुम्ही गप्प बसता, की मी उतरू?"

तो गप्प बसला, पण प्रत्येक वळणाला त्याचा पाय दणकन खाली दाबला जायचा आणि गाडी हिसका खायची. तिच्या मनगटांना रग लागली. आपल्याला हे झेपणार नाही, आपण याला दरीत घालणार, असं तिला दोनदा वाटून गेलं. तिने दात ओठ खाऊन गाडी वर नेली. माथ्यावरच्या वळणाला मात्र त्याचा पाय हलला नाही. आवाजही नाही.

"थांबव," तो हळूच म्हणाला. "थांबव ना जरा."

कडेला जागा बघून तिने गाडी उभी केली. तो उतरला, हेल्मेट काढलं आणि नुसता उभा राहिला. खाली सगळा मुलूख अंथरला होता. एकामागे एक बर्फाचे डोंगर, मोजू म्हटलं तरी न संपणारे. मधे हिरवंगार तळं. गवतावरून एका ढगाची सावली सावकाश चालली होती, आणि तिच्यात सांडलेल्या मोहरीएवढे घोडे. समोरच्या कड्यावरून पाणी पडत होतं, पण जमिनीपर्यंत पोचतच नव्हतं. मधेच त्याचं धुकं होऊन वाऱ्यावर जात होतं.

"असं कधीपासून आहे हे?" त्याने विचारलं.

ती त्याच्या प्लास्टरबाहेरच्या बोटांची सूज दाबून बघत होती. "सकाळपासून. गोळी देऊ का?"

त्याने मान हलवली. डोळे भरून आले होते. आयुष्यभराची हौस अर्ध्यावर मोडली, रडेल नाही तर काय करेल बिचारा! समुद्राचा विषय आता काढायचा नाही, मुकाट्याने स्टेशन गाठायचं, असं तिने ठरवलं.

उतार भयंकर होता. खडी, खड्डे, ओला पट्टा, पुन्हा खडी. घाटात काय काय होतं, असं कोणी विचारलं असतं, तर डांबराशिवाय तिला काही सांगता आलं नसतं. मागून मधूनच पुटपुटणं ऐकू यायचं. "अरे बाप रे... अगं आई गं!" हिसक्यांनी हात ठणकत असेल, म्हणून ती आणखी सावकाश चालवू लागली. त्याने चांगल्या हाताने तिची कंबर घट्ट धरली होती. चारचौघांत बायकोचा हातसुद्धा न धरलेला माणूस! फार दुखत असणार.

घाट संपला. पुढे रस्ता फुटला. एका पाटीवर आगगाडीचं चित्र, दुसरीवर लाटांचं. लाटांकडे न बघता तिने स्टेशनच्या बाजूचा दिवा लावला.

तिच्या खांद्यावर हात पडला. "तिकडे नको."

तिने करकचून ब्रेक दाबला. "मग समुद्राकडे नेऊ? खरंच?" आनंदाने तिचा आवाज चिरकला.

"समुद्र राहू दे नंतर," तो म्हणाला. "मागे वळव. जिथून या देशात शिरलो, तिथून परत सगळा दाखव. मी नुसता रस्ता बघत आलो गं."