समोरची खुर्ची

“वहिनींनी अबोला धरलाय की काय?” शेजारच्या निवृत्त मास्तरांनी त्याला जिन्यातच अडवलं. “भिंतीपलीकडून हल्ली त्यांचं हूं की चूं नाही!”

मास्तरांच्या ओठांवरची नजर न हलवता तो हसला. “छे हो! रोज तासभर गप्पा चालतात आमच्या.”

गेले म्हाताऱ्याचे कान, वर चढताना त्याला वाटलं.

त्याचे स्वतःचे तर कधीच गेले होते. लोखंडी पिंपांचे पोचे ठोकून काढता काढता पोचे कानांना पडले. कारखान्यात सगळेच ओरडत, त्यामुळे तिथे निभावून जाई. घरी मात्र कळून उपयोग नव्हता. बायकोने दुसऱ्याच दिवशी काम सोडायला लावलं असतं, आणि मुलीचं शिक्षण अजून बाकी होतं. कर्त्या माणसाने घरी पगार आणावा, दुखणी आणू नयेत, हा त्याचा सरळ हिशेब. म्हणून तो गुपचूप ओठ वाचायला शिकला. मुलीचा फोन आला की “आईशी बोल गं” म्हणून मोकळा व्हायचा.

नशिबानेही साथ दिली होती. बायको पूर्वी ओट्याशी पाठमोरी उभी राहून बोलायची, तेव्हा त्याची फजिती व्हायची. हल्ली तिने आपली खुर्ची त्याच्या समोर, दिव्याखाली आणली होती. हसताना तोंडावर हात धरायची सवय मोडली होती. बोलायचीही सावकाश, एकेक शब्द सुटा करून. वय झालं, दुसरं काय!

रुखरुख एकच होती. शिवता शिवता ती गुणगुणायची. त्या आवाजापायी लग्नाआधी तो तिच्या गल्लीतून विनाकारण सायकल फिरवायचा. आता शब्द दिसत; आवाज आठवणीतून काढून त्यांच्यावर बसवावा लागे. आणि आठवणही विटत चालली होती.

आज मुलगी सुट्टीला यायची होती. बायको समोर बसून त्याच्या शर्टाला बटण लावत होती.

“काय टक लावून बघताय? पोरगी येईल एवढ्यात. जरा तरी लाज!”

“हक्काची बायको आहे, बघतो. ते सायकलच्या वेळचं गाणं म्हण ना.”

“तुमचं आपलं काहीतरीच!”

पण तिने सुई थांबवली आणि म्हणायला लागली. तो मान डोलावत राहिला. डोळे मिटून ऐकावं असं फार वाटलं. पण डोळे मिटले की गाणं बंद.

दार ढकलून मुलगी आत आली आणि बॅग हातात तशीच धरून उभी राहिली.

“बरी वेळेवर आलीस!” तो म्हणाला. “ऐक, तुझ्या आईचा आवाज अजून तस्साच आहे की नाही?”

बायकोने झटकन वळून ओठांवर बोट ठेवलं. तोवर मुलीचे ओठ हलले होते, आणि ते त्याला स्वच्छ दिसले.

“पण बाबा, आई तर नुसतेच ओठ हलवत होती.”