खरी भीती

पहिला कॅमेरा आतल्या खोलीत लागला होता; दुसरा बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर, दोन जुन्या बॅगांच्या मधे बसला. काडेपेटीएवढाच होता तो. धाकटा स्टुलावरून उतरला आणि मोबाइलवर चित्र कसं दिसतंय ते त्याने पाहिलं. मग स्टूल जागेवर ठेवलं, दाराला कुलूप लावलं आणि ताईने अडीअडचणीला म्हणून दिलेली किल्ली खिशात टाकली. ताई कारखान्यातून यायला अजून दोन तास होते.

चित्रपटाच्या अभ्यासक्रमाचं त्याचं हे शेवटचं वर्ष. प्रकल्प म्हणून पंधरा मिनिटांचा भयपट करायचा होता. आधीच्या प्रयत्नाची सरांनी भर वर्गात पिसं काढली होती. नटी घाबरत नाही, घाबरल्याचं दाखवते, असं ते म्हणाले होते. ते त्याला फार लागलं. सोंग न करता घाबरणारं एकच माणूस त्याला ठाऊक होतं. लहानपणी साधी पाल दिसली तरी ताई घर डोक्यावर घ्यायची.

ताई शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. दीड वर्षापूर्वी भावोजींना सोडून ती या दोन खोल्यांत एकटी राहायला आली होती. भावोजींच्या थपडेने तिचा डावा कान कायमचा गेला होता. तरी घरच्यांनी समजूत घातली ती तिचीच. राग काय, सगळ्यांनाच येतो, असं धाकटाही तेव्हा म्हणाला होता.

सुरुवात त्याने बेताने केली. बंद करून गेलेला नळ चालू. चपला उलट्या. मग एके दिवशी नीट घातलेल्या अंथरुणात कुणीतरी झोपून उठल्यासारखा खळगा. ताई आधी गोंधळली, नंतर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातानाही वळून वळून पाहू लागली. तिसऱ्या आठवड्यात ती भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. धाकट्याने ते सात वेळा पाहिलं.

तिचा फोन आला की तो धावत जायचा. पलंगाखाली वाकून बघायचा, भास होतात गं एकटं राहिलं की, म्हणायचा. तिला डॉक्टरांकडे नेलं तेही त्यानेच. तिने पोलिसांकडे जायचा हट्ट धरला तेव्हा मात्र तो नाइलाजाने बरोबर गेला. पण तिथल्या हवालदाराने जांभई देत तक्रार लिहून घेतली आणि दाराला आतून कडी लावत जा, एवढंच सांगितलं.

त्या दिवशी परत येताना ताईने कधी नव्हे ते मन मोकळं केलं. "कोण असेल ते असो," ती म्हणाली. "पण एखाद्या दिवशी तुझे भावोजी आत आले ना, तर मी भीतीनेच मरेन."

धाकट्याने तिचा हात थोपटला.

सरांनी तोवर जोडलेला भाग पाहिला. ही मुलगी कुठे सापडली, असं विचारलं. मग म्हणाले, की शेवट तेवढा हवा.

धाकटा दुसऱ्याच दिवशी भावोजींच्या रंगाच्या दुकानात गेला. भावोजींना कल्पना फारच आवडली. बायकोला जरा अद्दल घडेल, असं म्हणत ते पोट धरून हसले. धाकट्याने त्यांना पांढरा मुखवटा दिला, किल्ली दिली आणि पुन्हा पुन्हा बजावलं, की नुसतं समोर उभं राहायचं, हात लावायचा नाही.

"मी काय जनावर आहे?" भावोजी म्हणाले.

शनिवारी दुपारी कारखान्याला अर्धी सुट्टी असायची. धाकटा जिन्यात मोबाइल घेऊन बसला. पडद्यावर ताई टेबलापाशी कपड्यांना इस्त्री करत होती. आतली कडी लावायला ती विसरली असावी, कारण किल्ली फिरली तसं दार सहज उघडलं.

ताई ओरडली नाही. इस्त्री हातात धरून एकेक पाऊल मागे सरकत गेली, पार खिडकीपर्यंत. भावोजींना मजा वाटली असावी. तेही पुढे सरकत गेले. खिडकीपाशी त्यांनी हसत मुखवटा काढायला हात वर केला, आणि ताईने इस्त्री उचलली.

पहिला घाव बसला तेव्हा धाकट्याला दृश्य झकास वाटलं. तिसऱ्या घावाला तो जिना चढून धावला. तो पोहोचला तेव्हा भावोजी संपले होते.

पोलिसांनी कॅमेरे जप्त केले. पाच आठवड्यांचं चित्रण अधिकाऱ्यांनी पाहिलं, वकिलांनी पाहिलं, शेवटी न्यायाधीशांनीही पाहिलं. जुनी तक्रार निघाली, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या निघाल्या. इतकी भेदरलेली बाई स्वतःच्या घरात घुसलेल्या मुखवट्याच्या माणसाला आणखी काय करणार? ताई निर्दोष सुटली. धाकट्याला संस्थेने काढून टाकलं. त्याच्यावरचा खटला अजून उभा राहायचा होता, आणि जामिनावर घरी आल्यापासून आई त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

एका सकाळी तो ताईच्या दारी गेला. घंटा वाजवली. ताईने आत घेतलं, तसा तो तिच्या पायाशी कोसळला.

"ताई, तू एवढी घाबरायचीस आणि मी ते बघत बसायचो," तो रडत म्हणाला. "मला माफ कर."

ताईने त्याला उठवून खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. शेवटचा प्रसंग पोलिसांनी तुला दाखवला का, असं विचारलं. त्याने होकारार्थी मान डोलावली.

"मग माझा चेहरा नीट आला ना रे?" ताई म्हणाली. "कपाटावरून दाराजवळचं दिसत नसणार, म्हणून मी त्यांना खिडकीपर्यंत आणलं."