हात न लावता

शर्यत जिंकली आणि जॉकी घोड्यावरून उतरेना.

लगाम धरून उभ्या असलेल्या दादाला लगेच कळलं. जॉकी म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, आणि धाकट्याची कंबर धरली होती. सकाळी ठरलेल्या वजनात बसावं म्हणून त्याने दुखऱ्या कमरेचा आधाराचा पट्टा काढून ठेवला, तेव्हाच दादा ओरडला होता, "मरशील लेका!" पण काट्यावर पट्ट्याचंही वजन धरतात, आणि अंगावरून कमी करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. कालपासून पोटात पाण्याचा थेंब नाही.

"हळूच उतर," दादा पुटपुटला. त्याचा हात आपसूक पुढे गेला, तो त्याने मागे ओढला. खोगीर जॉकीनेच काढायचं, त्यानेच उचलायचं आणि काट्यावर जाऊन उभं राहायचं. तोवर दुसऱ्या कुणाचा हात लागला की जिंकलेली शर्यत गेली. मेला तो नियम!

धाकटा कसाबसा उतरला. खोगीर छातीशी धरून एक पाय ओढत निघाला. इकडे घोड्याभोवती ही गर्दी! कुणी त्याच्या पायांवर पाणी ओततंय, कुणी सांधे चाचपतंय, खुद्द मालक मान थोपटतायत. माणसाचं कुणाला सोयरसुतक नाही. दादाने लगाम दुसऱ्याकडे दिला आणि धाकट्याच्या मागोमाग चालू लागला. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. त्यांचा काही भरवसा नव्हता.

काट्यावर चढायला एकच पायरी. धाकट्याने पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"चढताय ना?" काट्यामागच्या साहेबांनी विचारलं.

"चढतो साहेब. जिंकल्याची धुंदी आहे जरा."

आणि दात आवळून चढला. साहेबांनी आकडा बघितला. "बरोबर आहे."

शब्द पुरा व्हायच्या आत दादाने त्याला खोगिरासकट उचललं. अरे देवा, हे काय वजन झालं! लहानपणी तापात कडेवर घ्यायचा, तेव्हाही हा याहून जड लागायचा.

कठड्यापलीकडच्या लोकांना वाटलं, भावाला आनंद झालाय. टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. फोटोवाले धावत आले. दादाचे डोळे भरून आले होते.

धाकट्याने त्याच्या गळ्यात हात टाकला आणि कानाशी कुजबुजला, "दादा, हस ना रे. यांना कळलं तर उद्या मला घोडा कोण देणार?"

दादा हसला.